सर्व्हर गेला तर यादी कोण लिहिणार?

तालुक्याच्या वाचनालयाची वेबसाइट हा काही हमरीतुमरीवर येण्याचा विषय नव्हे. तरी आमच्याकडे गेले काही महिने त्यावरून मामा आणि भाची यांचं वाजलंय. मामांनी ती साइट २००९ साली बांधली. तेव्हा ते पॉलिटेक्निकला शिकवत होते. पीएचपी, मायएसक्यूएल आणि उन्हाळ्याची सुट्टी एवढ्या भांडवलावर त्यांनी सुमारे तीस हजार पुस्तकांची यादी जगापुढे ठेवली. भाची पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. ‘जुनी पीएचपी मार्चनंतर चालणार नाही’ अशी होस्टिंगवाल्या कंपनीची नोटीस आली, तेव्हा ती म्हणाली, दुरुस्ती कशाला, सर्व्हरच काढून टाकू. यादीची पानं एकदा बनवून ठेवायची, शोधाशोध वाचकाच्या ब्राउझरने करायची. डेटाबेस नको, लॉगिन नको, वर्षाचं भाडं नको.

मी वाचनालयाचा कार्यवाह. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली आम्हाला अनुदान मिळतं, हप्त्याहप्त्याने येतं, आणि त्यातून वेबसाइटसाठी फारसं काही उरत नाही. कोड मला वाचता येत नाही. पण मंडळापुढे ठराव मांडायचा तर दोन्ही बाजू कानांवर पडायला हव्यात, म्हणून दोघांना वाचनालयाच्या मागच्या खोलीत समोरासमोर बसवलं.

मामा : आधी मला सांग, मोडलंय काय? आज सकाळीसुद्धा साइट चालत होती.

भाची : चालत होती, कारण कंपनीने मेलेली पीएचपी अजून पुरली नव्हती. तुझा सगळा कोड ज्या जुन्या ‘मायएसक्यूएल’ फंक्शनांवर उभा आहे, ती २०१३मध्येच ‘वापरू नका’च्या यादीत गेली. २०१५च्या डिसेंबरात पीएचपी ७ आली तेव्हा भाषेतूनच काढली. तू ५.६वर राहिलास, तिच्या सुरक्षेच्या दुरुस्त्याही २०१८ अखेर थांबल्या.

मामा : मग ‘मायएसक्यूएल’च्या पुढे एक ‘आय’ लावायचा. नवी फंक्शनं त्याच नावाची आहेत. दोन रात्रींचं काम आहे, मी आजही करू शकतो.

भाची : आय लावून भागत नाही, मामा. ‘बुक डॉट पीएचपी’मध्ये पत्त्यातला आयडी तू जसाच्या तसा क्वेरीला चिकटवला आहेस. कुणी आकड्यापुढे स्वतःचं एसक्यूएल लिहिलं तर डेटाबेस तेही मुकाट्याने पाळेल.

मामा : वाचनालयाच्या यादीवर हल्ला करून कुणाला काय मिळणार? ‘ययाति’च्या किती प्रती आहेत ते?

भाची : माणूस करत नाही रे. यंत्रं करतात, रात्रंदिवस, दिसेल त्या पत्त्यावर. त्यांना पुस्तकं नको असतात, फुकटचा सर्व्हर हवा असतो. आणि मुळात हा खटाटोप कशासाठी चाललाय ते बघ. यादीत महिन्याकाठी भर किती पडते? मूठभर पुस्तकांची. तरी कुणी पान उघडलं की दर वेळी पीएचपी जागी होते, डेटाबेसला विचारते, एचटीएमएल जोडते, पाठवते आणि विसरून जाते. पुढच्या माणसाला तेच पान पुन्हा पहिल्यापासून. पाहुणा आला की दर वेळी भाजणी दळण्यापासून सुरुवात करायची? चकलीचा डबा भरून ठेवता येतो.

मामा : येतो. आणि महिन्याने उघडला की खवट वास येतो. तू पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक एवढंच बघते आहेस. ते बदलत नाही, मान्य. पण लोक साइटवर येतात ते पुस्तक आत आहे की बाहेर गेलंय हे बघायला. एखादा माणूस लांबच्या गावावरून एसटीने येतो. पान म्हणालं ‘उपलब्ध’, आणि इथे आल्यावर बाई म्हणाल्या ‘कालच गेलं’, तर त्याचा दिवस बुडाला. ते ताजं ठेवायला सर्व्हर लागतो.

इथे मला तोंड घालावं लागलं. कारण मामांचा हा मुद्दा ऐकायला बिनतोड आहे आणि आमच्या काउंटरवर तो खोटा आहे. आमच्या ग्रंथपाल बाई दिवसभराची देवघेव नोंदवहीत लिहितात. काउंटरवर गर्दी असताना एका हाताने पुस्तक घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने माउस फिरवायचा हे त्यांना जमत नाही, आणि जमावं अशी अपेक्षाही मी करत नाही. वाचनालय बंद करण्याआधी, सातच्या सुमाराला, त्या सगळ्या नोंदी एकदम संगणकात चढवतात. म्हणजे मामांचा सर्व्हर चोवीस तास ताजी माहिती द्यायला तयार बसलेला, आणि त्याला माहिती मिळते ती दिवसातून एकदा.

मामा : तो दोष सवयीचा आहे, व्यवस्थेचा नाही. उद्या बारकोड वाचणारं यंत्र आणलंत तर?

भाची : उद्या आणलं तर उद्या बोलू. पंधरा वर्षांत आलेलं नाही. मी रोज संध्याकाळी, बाईंचं काम झाल्यावर, सगळी पानं नव्याने बनवणार. आणि प्रत्येक पानावर लिहिणार : ‘ही स्थिती अमुक तारखेच्या संध्याकाळची आहे, येण्याआधी फोन करा.’ तुझ्या पानावर नुसतं ‘उपलब्ध’ असतं. कधीचं ते कुठे सांगतोस?

मामा यावर काही बोलले नाहीत. माझ्या मते सगळ्या चर्चेतली सगळ्यात कामाची सुधारणा ही एवढीच ओळ आहे, आणि ती जुन्या साइटवरही फुकटात घालता आली असती.

मामा : बरं. आणि सभासदांचं ‘माझी पुस्तकं’? पासवर्ड टाकला की माझ्या नावावर काय आहे, परत कधी द्यायचंय ते दिसतं.

भाची : ते जाणार.

मामा : जाणार? लोक वापरतात ते!

भाची : थोडे वापरतात. पण सर्व्हर नसेल तर कुलूपही नसतं, हे आधी समजून घे. ब्राउझरमध्ये जे पोचलं ते सगळ्यांचं झालं. जावास्क्रिप्टमध्ये पासवर्ड तपासायचा म्हणजे कुलपाची किल्ली दारालाच अडकवून ठेवायची. ‘पेज सोर्स’ उघडला की सगळं समोर. त्यामुळे नियम साधा ठेवला आहे : जे गावाच्या फलकावर चिकटवायला चालेल तेच साइटवर. सभासदांची नावं, फोन नंबर, कुणी काय वाचलं, यातलं काहीही इंटरनेटवर जाणार नाही. २०२३चा व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा आल्यावर तर मला वाटतं ते आधीच काढायला हवं होतं. तुझ्या त्या डेटाबेसात सभासदांचे घरचे पत्तेसुद्धा आहेत, त्याच भोक पडलेल्या ‘बुक डॉट पीएचपी’च्या मागे.

मामा : मग देवघेव ठेवायची कुठे? परत खतावणीत?

भाची : काउंटरच्या संगणकावर, एसक्यूएलाइटच्या एका फाइलीत. सर्व्हर नाही, पासवर्ड नाही, फाइल उचलून पेन ड्राइव्हवर टाकली की बॅकअप. ती बनवणाऱ्यांनी २०५०पर्यंत सांभाळू असं जाहीर केलंय. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनेही विदा जपून ठेवण्यासाठी शिफारस केलेल्या प्रकारांत तिला जागा दिली आहे.

मामा : हे बरं बोललीस. पण मग ‘कोहा’ का नको? ग्रंथालयांसाठीच लिहिलेलं आहे, न्यूझीलंडच्या एका वाचनालयात २००० साली सुरू झालं, फुकट आहे, जगभर चालतं. माझं फेकून द्यायचंच तर निदान भक्कम काहीतरी घ्या.

भाची : कोहा चांगलंच आहे. पण त्याला लिनक्सचा सर्व्हर लागतो, पर्ल लागतं, मायएसक्यूएल लागतं, आणि ते सांभाळणारा माणूस लागतो. विद्यापीठात असतो तो माणूस. इथे कोण?

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी चहा सांगायला उठलो.

परत आलो तेव्हा वाद वेगळ्याच ठिकाणी पोचला होता. भाचीने लॅपटॉपवर मामांची ‘फंक्शन्स डॉट पीएचपी’ ही फाइल उघडली होती, आणि मामा खुर्ची पुढे ओढून आपलाच कोड परक्यासारखा वाचत होते.

मामा : ही फाइल तू टाकून देणार होतीस ना? बघ काय आहे ते. आपली मूळ यादी श्रीलिपीत टाइप केलेली. त्या काळच्या फॉन्टांत अक्षर जसं दिसतं त्या क्रमाने साठवलेलं असायचं. पहिली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, म्हणून आधी वेलांटी, मग अक्षर. युनिकोडमध्ये उलट : आधी अक्षर, मग वेलांटी. बदलणाऱ्या प्रोग्रॅमने वेलांटी उचलून एक अक्षर पुढे ठेवली. ‘किल्ला’ जमला. पण जोडाक्षर आलं की वेलांटी अर्ध्यातच थांबायची. ‘अग्निपंख’चं झालं ‘अगि्नपंख’.

भाची : आणि ‘अग्निपंख’ शोधलं की काही सापडायचं नाही.

मामा : सापडायचं नाही! दर आठवड्याला दोन मुलं ते पुस्तक मागायला यायची, आणि साइट म्हणायची ‘नाही’. रफाराचंही तेच. डोळ्यांना तो नंतरच्या अक्षराच्या डोक्यावर दिसतो, युनिकोडमध्ये आधी लिहावा लागतो. ‘धर्म’, ‘सूर्य’, ‘पर्व’ सगळं आडवं-तिडवं. प्रत्येक प्रकार सापडला तसा मी इथे एकेक नियम लिहीत गेलो. ही ओळ बघ. ही कशासाठी आहे सांग.

भाची : ही मला कळली नव्हती. ‘र’ आणि काहीतरी न दिसणारं.

मामा : ‘कऱ्हेचे पाणी’साठी. हा चंद्रकोरीसारखा अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक तर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा. नाहीतर साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकायचं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. अत्र्यांच्या आत्मचरित्राचे खंड आपल्याकडे वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या हातांनी चढवले गेले. एका तऱ्हेने शोधलं की काही खंड यायचे, दुसऱ्या तऱ्हेने शोधलं की उरलेले. म्हणून शोधायच्या आधी दोन्ही बाजू एका साच्यात ओतायच्या. ही ओळ ते करते.

भाची : ही तशीच्या तशी घेते मी जावास्क्रिप्टमध्ये.

मामा : आणि हा ‘क्रम’ नावाचा रकाना?

भाची : तो लागणार नाही. ‘ज्ञानेश्वरी’साठी आहे ना तो? डेटाबेस ‘ज्ञ’ला ‘ज’मध्ये टाकतो, आणि आपली माणसं तो यादीच्या शेवटी शोधतात. ब्राउझरमध्ये क्रम लावण्याची सोय आता आतूनच असते. भाषा मराठी एवढं सांगितलं की ‘ह’नंतर ‘ळ’, मग ‘क्ष’, मग ‘ज्ञ’. तुला हाताने करावं लागलं ते आता आयतं मिळतं.

मामा : तपासून बघितलंस?

भाची : माझ्या फोनवर बघितलं.

मामा : शिपायाच्या फोनवर बघ.

जुना प्रोग्रॅम मोडीत काढताना मोडीत निघतं ते हे असं काहीतरी, असं मला त्या अर्ध्या तासात वाटलं. भाषा बदलते, सर्व्हर बदलतो, त्याचं दुःख करायचं कारण नाही. पण ‘अगि्नपंख’ची ती ओळ म्हणजे कुणीतरी काउंटरवर हात हलवत परत गेल्याची नोंद होती, आणि ती दुसरीकडे कुठेच लिहिलेली नव्हती. अशीच आणखी एक ओळ निघाली : ज्यांच्या नोंदीपुढे ‘गहाळ’ असं आहे ती पुस्तकं यादीत दाखवायची नाहीत, पण दाखल क्रमांकाने शोधली तर दाखवायची. भाची म्हणाली, हा दोष असणार. मामा म्हणाले, दोष नाही. वार्षिक पडताळणीत बाई दाखल क्रमांकानेच शोधतात. भाचीने ते वहीत लिहून घेतलं.

शिपायाचा फोन खरंच आणला गेला. भाचीची नवी साइट त्यावर उघडली, आणि बराच वेळ पांढरा पडदा.

मामा : काय करतोय तो?

भाची : सगळी यादी उतरवून घेतोय. मग पान स्वतः बनवेल.

मामा : म्हणजे जे काम माझा सर्व्हर करायचा ते तू या बिचाऱ्या फोनवर ढकललंस. माझं पान दाबलं की एका झटक्यात यायचं. जे काही होतं ते एचटीएमएलमध्येच. जावास्क्रिप्ट बंद असली तरी वाचता यायचं. आणि टिकण्याच्या गोष्टी मला सांगू नकोस. ब्राउझरमध्ये काम ढकलण्याची ही काही पहिली वेळ नाही. जावा अॅप्लेट आठवतात? फ्लॅश आठवतंय? २०२०च्या ३१ डिसेंबरला अडोबीने ते बंद केलं, आणि त्यात बांधलेलं सगळं एका तारखेला गप्प झालं. तुमचं ते लाडकं अँग्युलरजेएस, त्याचाही आधार २०२१ अखेर संपला. माझी पीएचपी निदान त्याहून जास्त जगली.

भाचीला हे लागलं असावं, कारण पुढच्या भेटीत तिने साइट उलटी करून आणली. प्रत्येक पुस्तकाचं पान आधीच तयार, साधं एचटीएमएल, फ्रेमवर्क नाही. पान वाचायला जावास्क्रिप्ट लागतच नाही. ती लागते फक्त शोधाच्या चौकटीत काही टाइप केलं तर. माझ्या मते ‘स्टॅटिक’ आणि ‘सगळं ब्राउझरमध्ये’ या दोन गोष्टी लोक एकाच दमात बोलतात, पण इथे त्यांच्यात शिपायाच्या फोनएवढं अंतर होतं.

मामा : आता शोध कसा चालतो?

भाची : शब्दांची अनुक्रमणिका, पहिल्या दोन अक्षरांप्रमाणे तुकडे केलेली. ‘पाणी’ लिहिलंस की ‘पा’चा तुकडा तेवढा येतो. पेजफाइंडसारखी तयार साधनंही साधारण याच मार्गाने जातात, लागेल तेवढंच उतरवायचं.

मामा : ‘पंख’ शोध.

भाची : (शोधून) ...‘अग्निपंख’ येत नाही.

मामा : नाहीच येणार. तू शब्दाच्या सुरुवातीपासून बघते आहेस. मराठीत अर्धी नावं समासाची. माझी साधी ‘लाइक’ क्वेरी शब्दाच्या पोटातलंसुद्धा शोधायची.

भाची : ठीक आहे. मग तुकडे नकोत. फक्त नाव आणि लेखक यांची पूर्ण यादी पाठवते, पहिल्यांदा शोध करतील तेव्हाच. हिशेब बघ : एका पुस्तकामागे चाळीसेक अक्षरं धर. देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८मध्ये तीन बाइट. तीस हजार पुस्तकं म्हणजे साडेतीन मेगाबाइटच्या वर. पण त्या तीन बाइटांतला पहिला कायम एकच असतो आणि दुसरा दोनांपैकी एक. त्यामुळे दाबल्यावर मेगाबाइटभरच उरायला हवं. एकदा आलं की फोनमध्ये राहील.

मामा : मेगाबाइटभर. चालेल. लोक त्याहून मोठे सुप्रभातचे फोटो पाठवतात.

जुन्या पत्त्यांचा प्रश्न त्या मानाने लवकर मिटला. दुर्मीळ ग्रंथांच्या कपाटांवर आम्ही क्यूआर कोड चिकटवलेत, त्यांत ‘बुक डॉट पीएचपी’ आणि आयडी असा पत्ता आहे. पीएचपी गेली की ते सगळे मुके होणार, अशी मामांची भीती. भाचीने ‘पान सापडलं नाही’ हे जे पान असतं त्यातच सोय केली : ते पान विचारलेला पत्ता वाचतं, त्यातला आयडी काढतं आणि वाचकाला नव्या पानावर नेऊन सोडतं. चुकीच्या पत्त्यावरच्या माणसाला घर दाखवायचं काम चुकीच्या पत्त्याकडेच दिलं, हे मामांना फार आवडलं.

त्याहून आवडली ती पेन ड्राइव्हची गोष्ट. शेजारच्या एका गावातल्या शाळेत इंटरनेट धड चालत नाही. तिथे यादी पेन ड्राइव्हवर द्यावी असं मामांच्या मनात कधीपासून होतं, पण त्यासाठी शाळेच्या संगणकावर पीएचपी आणि मायएसक्यूएल बसवावं लागलं असतं. भाचीने नवी साइट पेन ड्राइव्हवर टाकून उघडली. पानं दिसली, शोध मात्र बंद. इंटरनेटवरून नव्हे तर थेट डिस्कवरून उघडलेल्या पानाला शेजारची फाइल मागवायला ब्राउझर बंदी घालतो. मग तिने यादी डेटाच्या फाइलीऐवजी जावास्क्रिप्टच्या फाइलीत, एका व्हेरिएबलमध्ये लिहिली. तशी फाइल जोडायला ब्राउझरची हरकत नसते. शोध चालू झाला.

मामा : हे माझ्या सर्व्हरला जन्मात जमलं नसतं.

(हे त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं, भाचीकडे नाही.)

भाची : मग ठरलं?

मामा : कुठे ठरलं? खरा प्रश्न तर आता येतोय. माझ्या साइटवर बाईंना चूक दिसली की त्या लॉगिन करतात, ‘खांडेकर’मधला राहिलेला अनुस्वार घालतात, सेव्ह दाबतात, झालं. त्यांना कुणाला विचारावं लागत नाही. तुझ्या व्यवस्थेत काय करायचं?

भाची : काउंटरवरच्या यादीत दुरुस्त करायचं, आणि ‘प्रकाशित करा’ नावाचं चिन्ह दोनदा दाबायचं. एक प्रोग्रॅम सगळी पानं नव्याने बनवतो आणि वर चढवतो.

मामा : आणि तो प्रोग्रॅम मोडला तर? सर्व्हर काढला, सर्व्हर काढला म्हणतेस. काढला नाहीस, काउंटरच्या टेबलाखाली ठेवलास. पान बनवण्याचं यंत्र तेच आहे, आता ते वाचक आल्यावर चालत नाही, संध्याकाळी चालतं, एवढाच फरक. २०१६ साली कुणीतरी अकरा ओळींचं लेफ्ट-पॅड काढून घेतलं आणि जगभरच्या लोकांचे बिल्ड कोसळले. तुझं यंत्र किती जणांच्या अकरा ओळींवर उभं आहे?

भाची : एकाच्याही नाही. पायथॉन, तिच्या मूळ संचाबाहेरचं काहीही न घेता. एकच फाइल, कुणीही वाचावी अशी.

मामा : पायथॉन २सुद्धा २०२०च्या पहिल्या दिवशी बंद झाली होती.

भाची : झाली. पण फरक बघ ना, मामा. तुझी पीएचपी बंद होते तेव्हा साइट पडते. माझा प्रोग्रॅम बंद पडला तर साइट आहे तशी राहते, फक्त नवी भर पडत नाही. जगातली पहिली वेबसाइट सर्नची. २०१३मध्ये ती मूळच्या पत्त्यावर परत ठेवली, आणि आजच्या ब्राउझरमध्ये सरळ उघडते. ती साधी पानं होती म्हणून.

मामा : आणि नवी भर न पडणारी वाचनालयाची यादी काय कामाची? पडलेली साइट निदान दिसते पडलेली. कुणीतरी फोन करून ओरडतं. थांबलेली साइट चालू दिसते आणि हळूहळू खोटं बोलायला लागते.

यावर भाची थोडी थांबली. तारखेची ओळ आहेच की, असं ती म्हणाली. पण तारीख बघून ओरडणारा वाचक विरळा, हे तिलाही ठाऊक आहे. मला विचाराल तर मामांचं हे म्हणणं खरं आहे आणि त्यावर तांत्रिक उत्तर नाही. माणूस लागतो. तो जुन्या साइटलाही लागत होता. तो मामा होते, पगार न घेता, म्हणून कधी दिसला नाही.

मामा : आणि ही पानं ठेवणार कुठे? फुकटच्या जागेत?

भाची : गिटहबवर. एक जीबीपर्यंत साइट ठेवू देतात, आपली त्याच्या जवळपासही जात नाही.

मामा : याहूच्या जिओसिटीजमध्येही लोकांनी फुकट घरं बांधली होती. २००९मध्ये पाडली सगळी. मी आपली साइट बांधत होतो त्याच वर्षी.

भाची : म्हणूनच डोमेन आपल्या नावाचं ठेवायचं. फोल्डर उचलायचा, दुसरीकडे ठेवायचा, डोमेन तिकडे वळवायचं. तुझा डेटाबेस दुसऱ्या कंपनीकडे न्यायचा झाला तर किती दिवस जातात ते तू मला सांगितलं आहेस. बाय द वे, डोमेनच्या नूतनीकरणाची ईमेल कुणाला येते?

मामा : मला.

भाची : पासवर्ड?

मामा : माझ्याकडे.

भाची : आणि तू उद्या...

मामा : बोल, बोल. मी उद्या गेलो तर. आणि तू परवा कॅनडाला गेलीस तर?

भाची : खातं वाचनालयाच्या ईमेलवर काढायचं. कार्यवाह आणि ग्रंथपाल दोघांकडे पासवर्ड. आपल्या दोघांपैकी कुणाकडेही नाही. मी सगळ्या पायऱ्या रीडमीमध्ये लिहून ठेवते.

मामा : रीडमी कोण वाचतं? छापून, लॅमिनेट करून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटव. मराठीत. प्रत्येक पायरीला पडद्याचं चित्र. आणि माझी एक अट आहे. मार्चच्या खरेदीची पुस्तकं यायची आहेत. ती सगळी बाई चढवतील, दाखल करण्यापासून प्रकाशित करण्यापर्यंत, आणि तेवढा वेळ आपण दोघांनी खोलीबाहेर बसायचं.

भाची : आणि त्या अडल्या तर?

मामा : तर तुझं काम झालेलं नाही.

ठरावाच्या मसुद्यात मी ही अट तिसऱ्या कलमात घातली आहे. पहिल्या कलमात ‘फंक्शन्स डॉट पीएचपी’मधल्या प्रत्येक नियमाचा अर्थ मामांनी वहीत लिहून द्यावा असं आहे, आणि मामांनी त्यासाठी मुदत वाढवून मागितली आहे.